माळ्यावरची जोर्नाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मर्चंट नेव्हीतल्या तुमच्या काकांनी २००१ च्या सुमारास सिंगापूरहून एचपीची जोर्नाडा ७२० आणली होती, म्हणजे हातात मावणारा, कीबोर्डवाला छोटा कॉम्प्युटर. यंदा देवगडच्या घराचा माळा झाडताना ती पत्र्याच्या ट्रंकेत सापडली. अडॅप्टर लावल्यावर पडदा उजळला, जुनं विंडोज दिसलं, पण काकांचं एक अक्षर आत नाही. कडेच्या खाचेत ६४ एमबीचं एक कार्ड मात्र आहे. तुम्ही विचारता: हिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम चढेल का? चढवताना मशीन कायमचं जाईल का? आणि चढलंच तर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब मराठीत ठेवता येईल का?

चढेल. मशीन जाणार नाही. हिशेबही ठेवता येईल, पण तो तुमच्या डोळ्यांसमोर आहे तसा रंगीत तक्त्यांचा नसेल.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींवरची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतो. जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस सेट. संध्याकाळचा उद्योग म्हणून गेली वीसेक वर्षं हातात मावणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स बसवतो. दोन्ही कामांत शत्रू एकच, खारी हवा. म्हणून लिनक्सची घाई करू नका. आधी दोन-तीन गोष्टी ऐका.

पहिली, ते ६४ एमबीचं कार्ड. ते फॉरमॅट करायचं नाही. यूएसबी कार्ड रीडर घ्या, कॉम्पॅक्टफ्लॅशची खाच असलेला, आणि मोठ्या कॉम्प्युटरवर त्या कार्डाची जशीच्या तशी इमेज उतरवून घ्या. फायली कॉपी करून थांबू नका. पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत पूर्ण कार्ड उतरवा, म्हणजे पुसलेल्या फायलीही पुढे शोधता येतात. मग कार्ड कागदात गुंडाळून कपाटात ठेवा आणि लिनक्ससाठी दुसरं घ्या. हे इतकं ठासून सांगतो कारण एकदा एका तांडेलांचं, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचं, कार्ड मी रिकामं समजून साफ केलं होतं. त्यात त्यांची अनेक वर्षांची ठिकाणं होती: कुठे खडप आहे, कुठे जाळं अडकतं, कुठे सुरमई लागते. ते मला काही बोलले नाहीत. चहा पिऊन निघून गेले. त्या दिवसापासून इमेज उतरवल्याशिवाय मी कोणाच्या कार्डाला हात लावत नाही.

काकांचं काही आत का नाही, हे कळलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. या मशीनला हार्डडिस्क नाही. विंडोज सीई, म्हणजे छोट्या मशीनांचं विंडोज, रॉम नावाच्या मेमरीत कायमचं कोरलेलं आहे, आणि वापरणाऱ्याच्या फायली रॅममध्ये, म्हणजे करंट असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, राहतात. त्याच ३२ एमबी रॅमचा एक भाग फायलींना, एक भाग चालू प्रोग्रामना. बॅटरी संपली आणि नाण्याएवढा बॅकअप सेलही संपला की रॅम पुसली जाते आणि मशीन कारखान्यातून आल्यासारखं कोरं होऊन उठतं. काकांच्या चिठ्ठ्या असल्याच तर त्या केव्हाच गेल्या. कार्डावर काही ठेवलं असेल तर तेवढंच उरलं.

याचीच दुसरी बाजू तुमच्या फायद्याची. रॉममध्ये आपल्याला काही लिहायचंच नाही, त्यामुळे तिथे काही बिघडवताही येत नाही. लिनक्स कार्डावर राहतं, रॅममध्ये चढतं, आणि रिसेट केलं की निघून जातं. मोबाइलची मूळ सिस्टीम बदलताना जी धाकधूक असते ती इथे नाही. मी शिकणाऱ्या पोरांच्या हाती आधी जोर्नाडा देतो ती यासाठीच.

मशीनच्या पोटात इंटेलचा स्ट्राँगआर्म एसए-१११० आहे, २०६ मेगाहर्ट्झचा. पडदा ६४० बाय २४० ठिपक्यांचा, म्हणजे रुंद आणि बुटका. हाच प्रोसेसर त्या काळच्या अशाच दुसऱ्या छोट्या कॉम्प्युटरांत होता: कॉम्पॅक आयपॅकमध्ये होता, शार्पच्या झाउरस एसएल-५५०० मध्ये होता, आणि आपल्या बंगळूरच्या सिम्प्युटरमध्येही होता. सिम्प्युटर आज कोणाला आठवत नाही. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीच्या लोकांनी मिळून तो घडवला, गावागावांत भारतीय भाषांमध्ये चालावा म्हणून, आणि तो मुळापासून लिनक्सवर होता. त्याची बाजारात आलेली आवृत्ती, अमिडा, २००४ ची. म्हणजे या प्रोसेसरवर लिनक्स हा काही चोरवाटेचा खेळ नव्हे. वाट पंचवीस वर्षांची मळलेली आहे, आता जरा गवत वाढलंय इतकंच. जोर्नाडा ७२० चा कोड मुख्य लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. पडद्याची एप्सनची चिप, कीबोर्ड, टचस्क्रीन, ब्राइटनेस, सगळ्यांचे ड्रायव्हर आहेत. आवाजाच्या मागे मी लागत नाही, तुम्हीही लागू नका.

आता मीठ.

देवगडला माळ्यावर पंधरा-वीस पावसाळे काढलेलं मशीन चालू झालं म्हणजे बरं आहे, असं समजू नका. खारी हवा आत शिरते, मिठाचा पातळ थर बसतो, आणि मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. वरून कोरडं दिसलं तरी पिनांवर ओल असतेच. तिला करंट मिळाला की तांबं हिरवं पडायला लागतं. ट्रंकेत असेपर्यंत ती झोपली होती. तुम्ही करंट दिलात, आता घड्याळ सुरू झालं. म्हणून अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, बॅकअप सेल काढा.

बॅटरी टेबलावर ठेवून बघा. पोट आलंय का? गोड-आंबट वास येतोय का? तसं असेल तर ती परत लावायची नाही, भोक पाडायचं नाही, आणि चुलीत तर अजिबात टाकायची नाही. वाळूच्या डब्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पोट आलं नसलं तरी इतक्या वर्षांच्या लिथियम बॅटरीत जीव फारसा नसतो. सुरुवातीचं सगळं काम अडॅप्टरवर करा. अडॅप्टर दुसरा घ्यायची वेळ आली तर मूळ अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि पिनेच्या आतबाहेरची प्लस-मायनसची खूण जुळवून मगच घ्या. बॅकअप सेल मात्र नवा घाला, जुन्यावरचा क्रमांक घड्याळवाल्याला दाखवा.

साफसफाईत बहुतेक जण एक चूक करतात. इंटरनेटवर सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगतात. त्याने तेलकटपणा जातो, मीठ जात नाही, कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. मीठ पाण्यानेच जातं. म्हणून बोटीवरचा सेट माझ्याकडे आला की मी पिना आधी डिस्टिल्ड वॉटरने पुसतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळतं. मग ते पाणी हुसकून लावायला अल्कोहोल. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. जोर्नाडाच्या बाबतीत कार्डाच्या दोन्ही खाचा, बॅटरीचे संपर्क आणि अडॅप्टरची जागा एवढंच करा. जुना मऊ टूथब्रश किंचित ओला करून. पडद्याजवळ पाणी नेऊ नका. एक दिवस पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरायची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण तांदळाची पूड खाचेत जाते आणि मग ती काढत बसावं लागतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. आगोटीचं सामान भरतो तसं मेअखेरीस मशीन त्या डब्यात गेलं पाहिजे, पुड्या तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात.

मशीन उघडून मदरबोर्ड बाहेर काढायचा मोह होईल. बिजागरीतून पडद्याची पातळ पट्टी जाते, ती इतक्या वर्षांनी कडक झालेली असते. चालतंय ना? मग उघडू नका.

तर आता कार्ड. कॉम्पॅक्टफ्लॅशचं कार्ड टाइप वन म्हणजे पातळ जातीचं घ्या. जाड टाइप टू त्या खाचेत जाणार नाही. मोठं नको, १ किंवा २ जीबी पुष्कळ झालं. एसडी कार्डाला कॉम्पॅक्टफ्लॅश बनवणारे अडॅप्टर स्वस्त मिळतात, पण माझ्या हाताला त्यातले निम्मे अर्धवट चालले. कधी मशीन त्यांना ओळखतं, कधी नाही, आणि तुम्ही बिचारे कर्नलमध्ये चूक शोधत बसता. पहिल्या खेपेला तरी खरं कार्डच घ्या.

त्या कार्डाचे दोन भाग करायचे. पहिला छोटा, ६४ एमबीचा, फॅट १६ या जुन्या विंडोजच्या मांडणीत, कारण विंडोज सीईला तो वाचता आला पाहिजे. दुसरा उरलेला, ईएक्सटी २ या लिनक्सच्या मांडणीत. ईएक्सटी ३ नको, कारण तो प्रत्येक बदलाची आधी नोंदवही लिहितो आणि जुन्या कार्डाला ते लिहिणं सोसत नाही. पहिल्या भागात तीन गोष्टी: कर्नल, त्याला उठवणारा छोटा विंडोज प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामच्या सूचनांची साधी मजकूर फाइल. या उठवणाऱ्यांमध्ये हॅरेट सगळ्यांत जास्त वापरला गेला. विंडोजमधून त्याच्यावर टिचकी मारली की तो विंडोजचा गाशा गुंडाळतो, कर्नल रॅममध्ये ठेवतो आणि त्याच्या हाती कारभार देतो. रिसेट केलं की रॉममधलं कोरं विंडोज परत. म्हणून हॅरेट मशीनच्या आत ठेवून उपयोग नाही, तो प्रत्येक वेळी पुसला जाईल. तो कार्डावरच राहायला हवा.

सूचनांच्या फाइलमध्ये माणसं तीन ठिकाणी अडकतात.

एक, मशीनचा क्रमांक. एआरएम म्हणजे स्ट्राँगआर्मचं प्रोसेसर-घराणं, त्याच्या कर्नलला मी कोणत्या मशीनवर आहे हे क्रमांकाने सांगावं लागतं. जोर्नाडा ७२० चा ४८. चुकला तर काळा पडदा, एक अक्षर उमटत नाही, आणि कार्ड खराब आहे असं वाटत राहतं.

दोन, थांबायची सूचना. या मशीनमध्ये कार्ड पीसीएमसीआयए या जुन्या पीसी कार्डाच्या जोडणीच्या वाटेने जोडलेलं आहे आणि त्याला जागं व्हायला वेळ लागतो. कर्नल त्याआधीच दुसरा भाग शोधतो, सापडत नाही, आणि पॅनिक करून, म्हणजे हात टेकून, बसतो. रूटडिले म्हणून एक सूचना असते, तिच्यात दहा सेकंद द्या. कर्नलला पीसीएमसीआयए आणि ईएक्सटी २ चा आधार मॉड्यूल म्हणून, म्हणजे बाहेरच्या वेगळ्या फाइलमध्ये, नको, पोटातच हवा. मॉड्यूल ठेवलं असतं त्याच कार्डावर, आणि कार्ड उघडायला लागतं तेच मॉड्यूल. पेटीची किल्ली पेटीत.

तीन, कार्डाचं नाव. जुन्या २.६ च्या काळातले कर्नल या कार्डाला एचडीए म्हणतात. नंतरचे एसडीए म्हणतात. एचडीए हे नाव देणारी जुनी आयडीई यंत्रणा तर २०२१ मध्ये ५.१४ कर्नलमधून काढूनच टाकली. तुम्ही जुनी पाककृती वाचून नव्या कर्नलला एचडीए-२ सांगितलं तर तो ते जन्मात शोधू शकणार नाही.

कोणतं लिनक्स? जोर्नाडासाठीच बांधलेलं जेलाइम नावाचं तयार लिनक्स होतं. त्याचं मोंगो हे रूप कुठे जुन्या साठ्यात मिळालं तर पहिल्या दिवसासाठी तेच घाला. सगळं जुळवलेलं मिळतं, आणि आपलं मशीन धड आहे की नाही ते तासाभरात कळतं. ते चालल्यावर आपलं स्वतःचं बांधायचं. उलट क्रमाने गेलात तर चूक मशीनमध्ये, कार्डात, कर्नलमध्ये की तुमच्यात, हे ठरवता ठरवता मिरग येईल. लिनक्सचा हट्ट नसेल तर नेटबीएसडी या दुसऱ्या मोफत सिस्टीमच्या एचपीसीआर्म शाखेतही हे मशीन आहे, तीही बरी चालते.

स्वतः बांधताना एक खाचखळगा असा आहे की भलेभले त्यात पडतात. स्ट्राँगआर्म हा एआरएमच्या चौथ्या पिढीचा, आणि त्यातही थंब नावाचा छोट्या सूचनांचा संच नसलेला. आज कुठूनही उतरवलेले एआरएमचे तयार प्रोग्राम पाचव्या, सातव्या पिढीसाठी बांधलेले असतात. ते इथे चालवले की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढं बोलून मरतात. डेबियन या मोठ्या तयार लिनक्सची जुनी एआरएम शाखा या प्रोसेसरवर चालायची, पण ती ५.० म्हणजे लेनीपाशी, २००९ च्या आवृत्तीपाशी संपली. लेनी अजूनही डेबियनच्या जुन्या साठ्यात आहे, पण ३२ एमबीत तिची चाल बैलगाडीची. मी बिल्डरूट वापरतो, छोटी लिनक्स सिस्टीम स्वतः बांधायचं साधन. मोठ्या कॉम्प्युटरवर बिल्डरूट उघडायचं, प्रोसेसरांच्या यादीत स्ट्राँगआर्म निवडायचा, बिझीबॉक्स (रोजच्या आज्ञांचा छोटा संच), एक एडिटर, ड्रॉपबेअर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला सुरक्षित जोडणारा छोटा एसएसएच प्रोग्राम) एवढंच घ्यायचं, आणि रात्री लावून झोपायचं. सकाळी कार्डावर उतरवायला काही एमबींची सिस्टीम तयार. त्यात काय आहे ते तुम्हाला ओळ न् ओळ माहीत असतं, आणि जुन्या मशीनवर त्याइतकं सुख दुसरं नाही.

३२ एमबीत स्वॅप, म्हणजे रॅम संपली की वापरायचा कार्डाचा तुकडा, लागतो का? एक्स विंडो, म्हणजे खिडक्या-चित्रांचा पडदा, चालवणार असाल तर लागतो. नुसत्या कन्सोलवर, म्हणजे फक्त अक्षरांच्या पडद्यावर, राहणार असाल तर नका ठेवू, कार्ड जास्त जगेल. कार्ड माउंट करताना, म्हणजे सिस्टीमला जोडताना, नोएटाइम ही सूचना द्या, नाहीतर फाइल नुसती वाचली तरी कार्डावर वेळ लिहिली जाते.

नेटवर्कबद्दल फार आशा धरू नका. मोठ्या खाचेत १६ बिटी पीसी कार्डच बसतं. ज्या कार्डाच्या तोंडाशी बारीक टेंगळांची सोनेरी पट्टी असते ते कार्डबस, ते बसणार नाही, जोर लावू नका. ८०२.११बी ची जुनी वायफाय कार्डं चालतात, पण त्यातल्या बहुतेकांना आजच्या राउटरचं एन्क्रिप्शन झेपत नाही, आणि त्यांच्यासाठी घरचं वायफाय उघडं टाकणं हा शुद्ध मूर्खपणा. एनई२००० जातीचं इथरनेटचं पीसी कार्ड मिळालं तर घ्या आणि राउटरच्या लॅन पोर्टला सरळ वायर जोडा. तरीही वेबसाइटी उघडणार नाहीत. जेलाइमच्या काळातलं एसएसएच घेऊन आजच्या मशीनला हाक मारली तरी दार उघडत नाही. ओपनएसएसएचने ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, जुन्या एसएचए-१ सह्या मुळातच नाकारायला सुरुवात केली. म्हणून ड्रॉपबेअर नवीन बांधा म्हणतोय. आणि जोडण्याआधी तारीख लावा. सेल गेलेलं मशीन कुठल्या तरी जुन्याच वर्षात उठतं. हिशेबाच्या वहीत चुकीची तारीख पडली की ती नंतर कोणालाच दुरुस्त करता येत नाही. (२०३८ च्या जानेवारीत ही जुनी ३२ बिटी घड्याळं उलटतील, ते वेगळंच. तोवर तुमच्या नव्या कलमांना कितीतरी बहर येऊन गेलेले असतील.)

आता तुमचा खरा प्रश्न, मराठी.

लिनक्सच्या साध्या कन्सोलवर मराठी धड दिसत नाही. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि एका चौकोनात एक आकृती असा त्याचा हिशेब. आपल्या लिपीत 'कि' लिहिताना वेलांटी क नंतर येते आणि दिसताना आधी दिसते. 'र्त्या' मध्ये रफार उडी मारून मागच्या काठीवर जातो. हे जुळवायला अक्षरजुळणी करणारं सॉफ्टवेअर लागतं, कन्सोलकडे ते नाही. मग दोन वाटा. एक, एक्स विंडोचं हलकं रूप केड्राइव्ह आणि त्यावर पँगो हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर वापरणारा एखादा छोटा एडिटर. चालतं, पण एका प्रोग्रामनंतर रॅम संपते आणि कार्ड किरकिरायला लागतं. दुसरी वाट एमएलटर्म. हा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, भारतीय लिप्या जाणतो, आणि त्याचं फ्रेमबफरवर, म्हणजे थेट पडद्यावर, चालणारं रूप आहे, म्हणजे एक्स विंडो लागतच नाही. मी याच वाटेने जातो. बांधायला किचकट, पण एकदा बसला की त्यात विम हा एडिटर उघडून मराठी लिहिता येतं.

पडदा बुटका आहे हे लक्षात ठेवा. इंग्रजी ८ बाय ८ च्या फॉन्टमध्ये ८० अक्षरांच्या ३० ओळी बसतात. देवनागरीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून २० ठिपके तरी उंची लागते, म्हणजे १२ ओळी. हिशेबाला पुरतात, कादंबरीला नाही. आणि हा पडदा जुन्या एसटीएन जातीचा. उन्हात फिका पडतो, आणि गरमीने त्याचा काँट्रास्ट बदलतो. एप्रिलमध्ये दुपारी बागेत बसून पेट्या भरताना काँट्रास्ट हलवावा लागेल, मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका.

कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी, ठेवा. की लहान आहेत पण दहा बोटांनी टंकता येतं. इथे एक गंमत सांगतो, कारण माझी एक अख्खी संध्याकाळ तिने खाल्ली. इनस्क्रिप्टच्या काही मांडण्यांत वरच्या ओळीतून देवनागरी आकडे येतात. दिसायला छान. पण हिशेबाला मी ऑक हा मजकुराच्या ओळींवरून बेरजा करणारा प्रोग्राम वापरतो, आणि ऑकला १२ हा आकडाच वाटत नाही, कुठलं तरी अक्षर वाटतं, आणि अक्षराची किंमत शून्य. सगळ्या पेट्यांची बेरीज शून्य आली! म्हणून एकतर आकडे इंग्रजी लिहा, नाहीतर बेरजेआधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलणारी एक ओळ घाला. मी दुसरं केलंय.

वही कशी ठेवायची? साध्या मजकुराची एक फाइल, वर्षाला एक. एका ओळीत एक पाठवणी: तारीख, कोणती बाग, किती डझनी पेटी, किती पेट्या, वाशीला कोणाकडे, भाडं. मध्ये उभी रेघ. पट्टी, म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब, आली की त्याच ओळीच्या शेवटी रक्कम, हमाली, दलाली. एवढ्यावर ऑकची पाच-सहा ओळींची एक फाइल सांगू शकते की पाच डझनी पेटीला सरासरी काय सुटलं आणि कोणाची पट्टी अजून आली नाही. रक्कम रुपयांत पूर्णांक ठेवा. या प्रोसेसरला अपूर्णांकांचं गणित करणारा भाग नाही, ते सगळं सॉफ्टवेअर करतं. तुमच्या हिशेबाला फरक पडणार नाही, पण स्प्रेडशीट का घालत नाही त्याचं हे एक कारण. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, 'हापूस' चे पंधरा. तरी तीनशे बाइटांची एक ओळ धरली तर एका एमबीत साडेतीन हजारांच्या घरात ओळी बसतात. तुमचं कार्ड भरायला देवगड तालुक्यातल्या सगळ्या बागा लागतील.

रोज संध्याकाळी ती फाइल दुसरीकडे गेली पाहिजे. हे मशीन मुख्य वही म्हणून वापरू नका. सोपं म्हणजे कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं, कॉपी. काढण्याआधी सिंक आणि अनमाउंट, म्हणजे राहिलेलं लिहून घेऊन कार्ड सोडवणं, नाहीतर ईएक्सटी २ तुमच्यावर सूड घेईल. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की अडॅप्टर भिंतीतून काढा. लाईट गेली म्हणून गेलेल्या मशीनपेक्षा लाईट आली म्हणून गेलेली माझ्याकडे जास्त येतात.

मला विचाराल तर हिचा सगळ्यांत चांगला उपयोग वेगळाच. घरात रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर असेल तर जोर्नाडा तिच्या सीरियल केबलने त्याला जोडा, ११५२०० च्या वेगाने. जोर्नाडा नुसता पडदा आणि कीबोर्ड, डोकं पायचं. नेटवर्क, एन्क्रिप्शन, साठवण, सगळी कटकट तिकडे. मराठी दाखवायला एमएलटर्म मात्र जोर्नाडावरच लागेल. एक काळजी घ्या: जोर्नाडाचं सीरियल आरएस-२३२ या जुन्या, जास्त व्होल्टच्या जातीचं आहे, त्याचे व्होल्ट पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनांवर थेट दिलेत तर पाय जागीच आडवा. मध्ये एमएएक्स ३२३२ चिप असलेली छोटी पट्टी लावा, शंभर-दोनशे रुपयांत मिळते.

आणि हे सगळं वाचून दमला असाल, तुम्हाला फक्त खिशात मावणारं, कीबोर्डचं लिनक्स हवं असेल, तर २००९ चा नोकिया एन९०० शोधा. ६०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, मुळातच लिनक्स. डेवुआन नावाच्या लिनक्सवर उभी राहिलेली माएमो लेस्टे ही सिस्टीम त्यावर मायक्रोएसडी कार्डावरून चालते. बॅटरी बीएल-५जे, आपल्याकडच्या कितीतरी साध्या नोकियांची तीच, त्यामुळे देवगड स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडेही मिळून जाईल. पण ते काकांचं नसेल, हेही खरं.

पहिल्या उठावणीत पडदा काळा राहिला तर सूचनांच्या फाइलचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवा, बहुतेकदा त्यातच दिसतं. मशीन कुरियरने पाठवू नका. यायचंच असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या. १ जूनला मासेमारीची बंदी लागते, बोटी वर ओढायचं चाललेलं असतं आणि मी मोकळा असतो. जुलैत सगळ्या तांडेलांना एकदम आठवण होते. येताना ते ६४ एमबीचं कार्डही आणा, त्याची इमेज आपण दोघं मिळून उतरवू.